स्थळप्रत

२०२३ च्या जून महिन्यात पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून त्याचे काम छत्रपती संभाजीनगरला हलवण्याचा निर्णय झाला, तेव्हा पुण्यात बरीच खळबळ उडाली होती. श्रोत्यांनी, पत्रकारांनी आणि राजकीय पक्षांच्या पुढाऱ्यांनी विरोध केला आणि थोड्याच दिवसांत त्या निर्णयाला स्थगिती मिळाली. रेडिओवर जीव असलेल्या माणसाला ही बातमी आपणच आधी सांगावी, म्हणून मी यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी बाबांना फोन केला. त्यांनी सगळे ऐकून घेतले, विरोध कोणी कोणी केला ते विचारले आणि मग म्हणाले, "स्थगिती म्हणजे रद्द नव्हे. पुढच्या खेपेला गावी येशील तेव्हा माझी हिरवी फाईल बघ."

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. कोणतेही पत्र पाठवताना त्याची स्थळप्रत, म्हणजे आपल्याजवळ राहणारी नक्कल, ठेवायची, ही शाळेच्या आवक-जावक नोंदवहीने लावलेली शिस्त त्यांनी निवृत्तीनंतरही मोडली नाही. मला वसतिगृहात लिहिलेल्या पत्रांच्यासुद्धा स्थळप्रती त्यांच्याकडे आहेत. हिरव्या फाईलमध्ये मात्र एकाच पत्त्यावर पाठवलेली पत्रे आहेत, ती म्हणजे बीबीसीच्या हिंदी सेवेला लिहिलेली. कार्बनचा निळा रंग काही पानांवर इतका फिका झाला आहे, की कागद उजेडासमोर धरल्याशिवाय अक्षर लागत नाही.

बाबा बीबीसीकडे वळले ते आणीबाणीत, १९७५ च्या पावसाळ्यात. वृत्तपत्रांवर सेन्सॉरशिप आली होती, आकाशवाणीवरून सरकारची बाजू तेवढी ऐकू येत होती आणि बीबीसीच्या मार्क टली यांना देश सोडावा लागला होता. ज्याला देशाबाहेर घालवले त्याचे म्हणणे तरी काय आहे, हे ऐकावे म्हणून आपण सुई फिरवत फिरवत लंडनपर्यंत गेलो, असे बाबा सांगतात. त्यानंतर ते तिथून परतले नाहीत. नागपूर केंद्रावरच्या बातम्या ते ऐकत राहिले, शेतीविषयक कार्यक्रम ऐकत राहिले. पण दिवस संपला असे त्यांना "ये बीबीसी लंदन है" हे शब्द कानावर पडून पुढच्या बातम्या ऐकून झाल्यावरच वाटे. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधी गेल्याची बातमी बीबीसीने आकाशवाणीच्या अधिकृत घोषणेच्या कितीतरी आधी दिली होती. त्या दुपारी बाबांनी हिंदी प्रसारणाची वेळ नव्हती म्हणून इंग्रजी लावले. त्यांना इंग्रजी बेताचेच कळत असे. ते ओट्यावर रेडिओ कानाला लावून उभे राहिले आणि शेवटी त्यांनी रेडिओ खाली ठेवला, तेव्हा समोर जमलेल्या माणसांना विचारण्याची गरज उरली नव्हती. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो.

शॉर्टवेव्हचा रेडिओ ज्यांनी कधी हाताळला नाही, त्यांना हे सांगितले पाहिजे की तो नुसता सुरू करून चालत नसे. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या थरावर, आयनांबरावर आदळून परत जमिनीकडे येतात आणि म्हणूनच त्या हजारो किलोमीटर जाऊ शकतात. पण तो थर दिवसा एक असतो आणि रात्री दुसरा, उन्हाळ्यात एक आणि हिवाळ्यात दुसरा, त्यामुळे आवाज लाटेसारखा चढतो आणि उतरतो. आमच्या घरी अंगणातल्या कडुलिंबापासून खिडकीपर्यंत तांब्याची तार ओढलेली होती. रेडिओच्या काचेवर आईने कुंकवाचा एक ठिपका लावला होता, कारण बाबा शाळेतून उशिरा आले तर सुई आधीच जागेवर आणून ठेवण्याचे काम तिचे असे. वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबर संपताना, प्रसारणाच्या लहरी बदलत. मग तो ठिपका ओल्या बोटाने पुसून आई दुसरीकडे लावी आणि बाबा नवे मीटर, म्हणजे त्या लहरींची लांबी, कालनिर्णयच्या पानामागे लिहून ठेवत. दुधाचा हिशेब, गॅस सिलिंडरची तारीख आणि त्याखाली "३१ मी., ४१ मी." अशा नोंदी असलेली ती पाने मी पाहिली आहेत.

या फाईलमधल्या प्रत्येक पत्राची पहिली ओळ सारखी आहे. तारीख, वेळ, मीटर आणि मग आवाज कसा आला त्याचे दोन-चार शब्द. उदाहरणार्थ, आवाज साफ, मधे दुसरे स्टेशन येत होते. किंवा, पहिली दहा मिनिटे ठीक, नंतर फार खरखर. लहानपणी मला हा बाबांचा शिक्षकी काटेकोरपणा वाटत असे. फार उशिरा कळले की शॉर्टवेव्हवर ही श्रोत्याची खरीखुरी कामगिरी असते. सिंगापूरच्या किंवा ओमानच्या प्रक्षेपकावरून निघालेला आवाज विदर्भातल्या एखाद्या गावात कसा पोहोचतो, हे प्रक्षेपकापाशी बसलेल्या अभियंत्याला ऐकू येण्याची सोयच नसते. ते त्याला ऐकणाऱ्यानेच कळवावे लागते, आणि म्हणून जगभरच्या शॉर्टवेव्ह केंद्रांना श्रोत्यांचे असे अहवाल हवे असत. प्रसारणाचे निम्मे काम लंडनला होत होते आणि उरलेले निम्मे आमच्या ओट्यावर. बाबांच्या मनात हा हिशेब अगदी स्पष्ट होता, हे मला त्यांची २०११ ची स्थळप्रत वाचल्यावर उमगले.

२६ जानेवारी २०११ रोजी बीबीसीने जागतिक सेवेतली कपात जाहीर केली. ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याकडून मिळणारे अनुदान १६ टक्क्यांनी कमी झाले होते. पाच भाषांच्या सेवा पूर्ण बंद होणार होत्या, साडेसहाशे नोकऱ्या जाणार होत्या आणि हिंदीसह आणखी काही भाषांचे शॉर्टवेव्ह प्रसारण मार्चअखेर थांबणार होते. हिंदीचे शॉर्टवेव्ह ऐकणारे तेव्हा आठवड्याला सुमारे १ कोटी होते. प्रजासत्ताक दिन असल्यामुळे बाबा सकाळी शाळेत झेंडावंदनाला जाऊन आले होते. रात्री ही बातमी त्यांनी बीबीसीवरच ऐकली आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा शाळेत गेले, ते स्टॅम्पपॅड मागायला.

त्या पत्राला तेवीस सह्या आहेत. मूळ कागद लंडनला गेला, पण सह्यांचे पान बाबांनी दोनदा भरून घेतले होते, त्यामुळे स्थळप्रतीवरही खऱ्या सह्या आहेत आणि चार ठिकाणी शाळेच्या स्टॅम्पपॅडच्या जांभळ्या शाईत उमटलेले अंगठे आहेत. त्यातला एक अंगठा आमच्या शेजारच्या काकांचा आहे. ते आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात राबले, त्यांना वाचता येत नव्हते, आणि इराकच्या युद्धाविषयी गावात सर्वांत जास्त माहिती त्यांनाच होती. अंगठ्याच्या रेषांमधून शाई थोडी पसरली आहे, बहुधा त्यांचे हात ओले असावेत. मी त्या ठशाकडे बराच वेळ पाहत राहिलो.

पत्र हिंदीत आहे आणि बाबांच्या हिंदीत मराठी डोकावते, पण मुद्दे कमालीचे नेमके आहेत. ते लिहितात की आमच्याकडे भारनियमन असते आणि संध्याकाळी नेमकी वीज नसते, त्या वेळी टीव्ही आणि संगणक दोन्ही निरुपयोगी असतात, चालतो तो दोन सेलवरचा रेडिओ. ते लिहितात की भारतात खाजगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही, त्यामुळे शॉर्टवेव्ह गेले तर रेडिओवर सरकारी बातम्यांखेरीज काही उरणार नाही. हा मुद्दा मला आजही सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बीबीसीला हिंदी बातम्या एफएमवर नेता आल्या असत्या, तर पुढची सारी हकीकत कदाचित वेगळी झाली असती. पण आपल्याकडे रेडिओवरच्या बातम्या हा आकाशवाणीचा एकाधिकार राहिला आणि त्याचा फटका शहरात कोणालाही जाणवला नाही, तो या तेवीस जणांना जाणवला. पत्राचा शेवट बाबांनी असा केला आहे की आम्ही तुम्हाला पैसे देत नाही हे आम्हाला मान्य आहे, ते तुमच्या देशाचे लोक देतात. पण आम्ही छत्तीस वर्षे रोजचा वेळ दिला आहे आणि तुमचा आवाज कसा पोहोचतो ते न चुकता कळवले आहे.

असे पत्र लिहिणारे ते एकटे नव्हते. बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, राजस्थान, मध्य प्रदेश अशा भागांत बीबीसी हिंदीचे श्रोते गावोगावी होते आणि त्यांचे श्रोता संघ होते. तिकडे लंडनच्या वर्तमानपत्रात मार्क टली, विक्रम सेठ, अरुंधती रॉय यांच्यासारख्या नामवंतांनी सही केलेले पत्र छापून आले. मार्चमध्ये बीबीसीने जाहीर केले की संध्याकाळचे एक तासाचे हिंदी प्रसारण तूर्त चालू राहील. जूनमध्ये ब्रिटिश सरकारने जागतिक सेवेला तीन वर्षांसाठी दरवर्षी २२ लाख पौंड वाढवून दिले आणि हिंदी शॉर्टवेव्हला आणखी आयुष्य मिळाले. लंडनमध्ये नेमके कोणाच्या शब्दाला किती वजन मिळाले, ते मला ठरवता येणार नाही. आमच्या गावाची मात्र ठाम समजूत होती की प्रसारण आपल्या सह्यांमुळे वाचले, आणि ती समजूत खोडून काढावी असे मला कधीच वाटले नाही, कारण ती चुकीची आहे असे मी मानत नाही. नामवंतांच्या पत्राला अर्थ होता तो त्यांच्यामागे ऐकणारी एवढी माणसे खरोखर होती म्हणूनच.

इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. लंडनहून मराठीतही प्रसारण होत असे. १ मार्च १९४२ रोजी, महायुद्ध चालू असताना, बीबीसीची मराठी सेवा सुरू झाली आणि मधला थोडा खंड सोडला तर ती २५ डिसेंबर १९५८ पर्यंत चालली. त्याच काळात कोल्हापूरकडच्या वेणू चितळे बीबीसीच्या पूर्व विभागात जॉर्ज ऑर्वेल यांच्या सहकारी होत्या. मराठी सेवा २०१७ च्या २ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली, पण इंटरनेटवर. रेडिओवरची मराठी आमच्या पिढीने ऐकलीच नाही, त्यामुळे आमच्या घरी लंडनचा आवाज हिंदीतच राहिला आणि बाबांना तो परका कधी वाटला नाही.

२०१९ च्या डिसेंबरात बीबीसीने हिंदी रेडिओ थांबवत असल्याचे जाहीर केले. संध्याकाळचा 'दिनभर' हा कार्यक्रम ३१ जानेवारी २०२० रोजी शेवटचा होणार होता. ११ मे १९४० रोजी सुरू झालेल्या या सेवेला, जिच्यात युद्धकाळात बलराज साहनी निवेदक होते, ऐंशी वर्षे पूर्ण करायला साडेतीन महिने कमी पडले. शॉर्टवेव्हचे श्रोते झपाट्याने घटत होते आणि इंटरनेटवरचे वाचक-प्रेक्षक वाढत होते, हे कारण सांगितले गेले आणि ते खरेही होते. २०११ मध्ये श्रोते रागावले होते, कारण तेव्हा भांडण्यासारखे काही शिल्लक होते. २०२० मध्ये त्यांनी निरोप दिला. लोकांनी आठवणी सांगितल्या, कोणी वडिलांचा रेडिओ दाखवला, कोणी रात्रीच्या अभ्यासाच्या, स्पर्धा परीक्षांच्या गोष्टी लिहिल्या. त्या साऱ्या बोलण्यात प्रेम होते आणि मागणी कुठेच नव्हती.

मीही मागणी केली नाही, आणि याचे मला वाईट वाटते. मी त्या डिसेंबरात बाबांसाठी चांगला मोबाइल घेऊन गेलो, त्यात बीबीसी हिंदी उघडून दिले आणि प्रश्न सुटला असे मनाशी धरले. बाबांनी तो शिकून घेतला. पण दोन दिवसांनी ते म्हणाले, "यात मला निवडावं लागतं. मला काय कळायला हवं, ते मलाच कसं माहीत असणार?" रेडिओवर कोणीतरी जाणत्या माणसाने दिवसभराच्या घडामोडींतून अर्ध्या तासाचा क्रम लावलेला असे. सुदान असो, श्रीलंका असो, आपल्याला ठाऊक नसलेली, आपण शोधली नसती अशी बातमी त्या क्रमात हमखास येई आणि ती ऐकावीच लागे, कारण पुढे जाण्याची सोय नव्हती. शिवाय ती एकट्याने ऐकायची नसे. सात-सव्वासातपासून ओट्यावर माणसे येऊन बसत, कार्यक्रम संपल्यावर पाऊण तास त्यावर बोलणे चाले. मोबाइलभोवती पाच माणसे बसली तर त्यांतल्या दोघांना दिसते आणि एकाला ऐकू येते. शेजारचे काका पहिल्या संध्याकाळी आले, बाबांच्या खांद्यावरून थोडा वेळ पडद्याकडे पाहिले आणि उठून गेले. त्यांना वाचता येत नव्हते, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

श्रोत्यांची संख्या घटली, हे वाक्य मी त्यानंतर पुष्कळदा वाचले. ३१ डिसेंबर २०२२ रोजी बीबीसी बांगलाचे रेडिओ प्रसारण संपले, तेव्हा वाचले. १९४१ पासून चाललेल्या त्या सेवेचा १९७१ च्या बांगलादेश मुक्तिसंग्रामात असा आधार होता, की पाबना जिल्ह्यातल्या रूपपूरला एका चहाच्या टपरीवरच्या रेडिओभोवती रोज संध्याकाळी माणसे जमत आणि त्यातून तिथे जो बाजार वसला, त्याचे नावच बीबीसी बाजार पडले. जानेवारी २०२३ मध्ये अरबी रेडिओ ८५ वर्षांनी थांबला, तेव्हाही तेच वाचले. आकडा खोटा नसतो. पण वेबसाइट आपल्या वाचकाला आपोआप मोजते, त्याने काही कळवण्याची वाट पाहत नाही, आणि म्हणून तिला बाबांच्या पहिल्या ओळीची गरज नसते. ज्या माणसाचे कळवणे हे कामाचा भाग होते, तो आता फक्त मोजला जाणारा झाला. प्रसारण गेल्याचे दुःख करणाऱ्यांना भूतकाळात रमणारे म्हटले जाते, ते मला पटत नाही, कारण बाबांनी जुना काळ परत मागितला नव्हता. चव्वेचाळीस वर्षे जे काम त्यांनी विनामूल्य केले त्यातून त्यांना कमी करण्यात आले, तेही कोणी न विचारता, आणि नोकरीतून कमी झालेल्या माणसाला जे वाटते तेच त्यांना वाटले.

३१ जानेवारी २०२० चा शुक्रवार होता आणि मी रजा काढून गावी गेलो होतो. सात वाजता ओट्यावर बाबा, शेजारचे काका आणि मी असे तिघेच होतो. २०११ च्या यादीतले बरेच जण आता नव्हते, काही मुलांकडे शहरात गेले होते. या खेपेला सह्या का घेतल्या नाहीत, असे मी विचारले, तर बाबा म्हणाले, "घेऊ कोणाच्या?" आईने नव्या सेलची जोडी काढून दिली. साडेसातला कार्यक्रम सुरू झाला. संपेपर्यंत कोणी बोलले नाही. निवेदकांनी निरोप घेतल्यावर काका म्हणाले, "गुरुजी, माणसं सभ्य होती," आणि काठी घेऊन घरी निघाले. बाबांनी रेडिओ बंद केला, आत जाऊन फुलस्केप कागदांमध्ये कार्बन घातला आणि जेवणाच्या आधी पत्र लिहून टाकले. मी ते तेव्हा वाचले नाही, वाचू का असे विचारण्याचे धाडस झाले नाही.

ते पत्र हिरव्या फाईलमध्ये सर्वांत वर आहे. सहाच ओळींचे आहे. २०११ च्या पत्रातला एकही मुद्दा त्यात नाही, तक्रार नाही, विनंतीही नाही. बातम्या देणाऱ्या सर्वांचे आभार मानले आहेत आणि प्रकृतीची काळजी घ्या असे लिहिले आहे. पत्राची पहिली ओळ मात्र नेहमीसारखीच आहे. तारीख, वेळ, मीटर; आवाज साफ, मधे दोन-तीन मिनिटे थोडा उतरला होता, नंतर शेवटपर्यंत ठीक.